रुपराव मिस्त्रींचा तळहात

रुपराव मिस्त्री जुन्या इंजिनच्या ब्लॉकमध्ये गरम पाणी ओतून वरून तळहात फिरवत. लोखंड थंड लागलं, की आतली पाण्याची वाट बुजलेली. बारा वर्षांमागं त्यांनीच इंजिन खोलून पुन्हा बांधलेली वामनरावांची मोटार तापून कन्हानच्या फाटकात, रुळांवरच बंद पडली. आगगाडीच्या धडकेत वामनराव गेले. "त्यायनं पानीच टाकलं नसन गा," मिस्त्री सांगत.

परवा त्याच मोटारीचा ब्लॉक भंगारातून आला. तिसऱ्या सिलिंडरपाशी हात थांबला. तारेनं ओढल्यावर हिरव्या काठाची चिंधी निघाली. इंजिन बांधताना कचरा जाऊ नये म्हणून भोकांत कोंबायचे बोळे मिस्त्री बायकोच्या जुन्या लुगड्याचे करत.

"सारे काढले होते ना मी?" त्यांनी हाताखाली काम करणाऱ्या मलाच विचारलं. 

आता वाफाळता चहा हाती दिला, तरी म्हणतात, "थंडा हाय गा."