विहिरीवरची बाई

घरचा चहा टाकून शेषराव रोज मौजनगरीच्या फाटकासमोरच्या टपरीवर चहा प्यायला जातात, हे दुसरबीडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चहा हे निमित्त, हेही ठाऊक होतं. एसटीत ड्रायव्हर म्हणून हयात घालवलेला, मेहकर डेपोतून निवृत्त झालेला माणूस. त्यानं आता पारावर बसावं, भजनात टाळ कुटावे. पण नाही! हिरव्या जाळीपलीकडे क्रेन हलली की या बाबाच्या अंगात वारं शिरायचं.

मौजनगरी म्हणजे हायवेलगतचं मोठं पार्क. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, तिकीट घेऊन माणसाला गरगर फिरवणारी आणि ओकायला लावणारी यंत्रं, सगळं तिथं होतं. आता मागच्या अंगाला एक नवा भाग उभा राहत होता. नाव 'जुनी वस्ती', एवढंच बाहेर आलेलं. आत काय असणार याची मालकांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि झाकलेलं दिसलं की आपल्या लोकांना उघडून पाहिल्याशिवाय चैन पडते का?

मग जमलं की एक मंडळ! लग्नांच्या शूटिंगला ड्रोन उडवणारा धम्मरत्न, खामगावच्या कॉलेजातून सुट्टीला येणारी मयुरी, आणि आणखी बरेच रिकामटेकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला, 'मौजनगरी प्रेमी'. धम्मरत्न ड्रोन वर पाठवायचा, फोटो टाकायचा, आणि मग दिवसभर त्या फोटोचा कीस पाडला जायचा. कुणाला त्यात किल्ला दिसायचा, कुणाला डाकूंचा अड्डा. शेषरावांना टायपिंग जमत नसे. ते बोलूनच निरोप पाठवत, आणि त्यांचा आवाज असा खणखणीत की डेपोतली घोषणाच वाटावी. ते एकच सांगत.

"जुनं गाव होऊन राह्यलं, लेकहो. आपल्या वऱ्हाडातलं. मातीची घरं पाहा, इहीर पाहा. दुसरं काय असन?"

मयुरीनं एकदा शंका काढली. "काकाजी, त्या झाडाले एकबी पान नाई लावलं त्यायनं. अन् खिडक्या वाकड्या काऊन हायेत?"

"उन्हाळ्यातलं गाव हाय ते. अन् खिडक्यायचं म्हनशीन, त काम कच्चं हाय. करतीन सरळ."

पुढे तुळशीवृंदावन बांधलं गेलं आणि त्यात वाळक्या काड्या खोचल्या गेल्या. शेषराव म्हणाले, खरी तुळस उद्घाटनाला लावतील. एका घराला मधोमध फुटलेला दरवाजा बसवला. शेषराव म्हणाले, गरिबाचं घर दाखवलं, बरं केलं. आता यावर कोण काय बोलणार? ड्रायव्हर गाडी चालवत असला की प्रवासी गप्पच बसतात.

पण त्यांना ते जुनं गावच हवं होतं, त्यालाही कारण होतं.

मौजनगरी पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईनं, मागे टुमणं लावलं होतं. सगळ्या तालुक्याला फिरवून आणलेल्या या माणसानं बायकोला शेगावच्या पलीकडे कधी नेलं नव्हतं. "मले त्या पार्कात नेसान का नाई?" ती विचारायची. "नवा भाग होऊन राह्यला म्हन्ते," शेषराव म्हणायचे. "तो झाला का एकदाच जाऊ. दोनदा कोन जाईन?" त्या वेळी नवा भाग म्हणजे शेतात ठोकलेल्या नुसत्या खुंट्या होत्या. क्रेन यायच्या आतच रुखमाबाई तापानं फणफणली आणि गेली. तेव्हापासून शेषराव त्या जाळीपुढे उभे. तो भाग एकदाचा पुरा व्हावा आणि तिचं राहून गेलेलं काहीतरी करून फिटावं, एवढंच त्यांच्या जिवाला लागलं होतं.

हे फक्त सुनेला माहीत होतं. सून सुचिता जिवाची भली, तोंडाची फटकळ. सासूची लुगडी तिनं रीतीप्रमाणे वाटून टाकली. एक मात्र सासऱ्यांनी पेटीत दडवलं. हिरवं, लाल काठाचं. पदर चुलीच्या ठिणगीनं जळाला होता, तो रुखमाबाईनं घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून पिवळ्यानंच शिवला होता.

"मामाजी, मेल्या मानसाचं लुगडं घरात ठेवू नाई," सुचिता म्हणायची. "जीव अडकते त्यात."

"अडकू दे. तुह्या घरात जागा कमी हाय काय?"

एक दिवस टपरीवर राजकुमार आला. पार्कातले पुतळे करणारा कारागीर. त्याला एक जुनं लुगडं हवं होतं, नेसून वापरलेलं. नवं कोरं नेसवलं की पुतळा नाटकातला वाटतो म्हणाला.

"काय करतं त्याचं?" शेषरावांनी विचारलं.

"इहिरीवर बाई उभी करायची हाय, काकाजी. याच्यापुढं इचारू नका. सांगाची मनाई हाय."

मंडळाला उकळ्याच फुटल्या! आतली बातमी, तीही थेट कारागिराच्या तोंडून! सगळे मोबाइलला चिकटले. शेषराव तेवढे उठून घरी आले आणि त्यांनी पेटी उघडली. विहिरीवर पाणी भरणारी बाई! अख्खा जिल्हा येऊन बघेल. रुखमा पार्कात जाईल, आणि जाईल ती कायमची. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सुचिताला हाक मारून सांगितलं. तीही म्हणाली, "बरं झालं मामाजी. चांगल्या जागी जाऊन राह्यलं."

धम्मरत्नच्या मोटरसायकलवर बसून, वाटेत त्याला लुगडं कुणाचं ते सांगत, शेषराव ते घेऊन गेले. राजकुमारच्या हाती देताना एकच अट घातली. "पदर डोक्यावर ठेवजो, बापू. तिनं कधी खाली नाई येऊ देला."

"डोक्यावरच राहीन, काकाजी."

आणि त्यानं शब्द पाळला. दुखणं तर तेच आहे.

उद्घाटनाच्या दिवशी मंडळाला पार्कानं पास दिले. शेषराव इस्त्रीचा सदरा घालून, टोपी झटकून निघाले. सुचिता सोबत होती. धम्मरत्न मोबाइल उंच धरून सगळं लाइव्ह दाखवत होता. वेशीतून आत पाऊल टाकलं आणि अंधार. धूर. कुठूनतरी बाईच्या रडण्याचा आवाज. मयुरी आनंदानं ओरडली, "भुताचं गाव हाय! म्हनत नव्हती मी?" मंडळ बेहद्द खूश! इतक्या दिवसांचं कोडं सुटलं होतं. एकमेकांना टाळ्या देत पोरं पुढे पळाली.

शेषराव मागे राहिले. बिनपानांच्या झाडाला फास लटकत होते. वाकड्या खिडक्यांतून हात बाहेर येत होते. फुटक्या दरवाजातून कोणीतरी गुरगुरत होतं. मग विहीर आली. विहिरीवर बाई उभी, पाठमोरी, पावलं उलटी. पदर डोक्यावरून पार छातीपर्यंत ओढलेला. माणसं जवळ गेली की मोटर घरघरायची, बाई गर्रकन वळायची आणि पदर आपोआप वर उचलला जायचा. खाली तोंड नव्हतंच, नुसते दात. लोक किंचाळायचे, मग हसायचे, मग पुन्हा बघायला थांबायचे.

पदर वर गेला तेव्हा शेषरावांना पिवळा दोरा दिसला.

"मामाजी, चाला बाहीर," सुचितानं त्यांचा हात धरला. तिला रडू फुटलं होतं. शेषराव हलले नाहीत. राग आला, पण रागापेक्षा लाज जास्त. आपल्या बायकोला चव्हाट्यावर उघडं पाडलं होतं, आणि तिला इथं आणून सोडलं होतं ते आपणच! त्यांनी विहिरीभोवती बांधलेला दोर ओलांडला, चबुतऱ्यावर चढले आणि दोन्ही हातांनी पदर खाली ओढून धरला. मोटर वर ओढत होती, हे खाली.

"राहू दे ना, बाप्पा," ते रडकुंडीला येऊन म्हणत होते. "लोकं पाहून राह्यले. राहू दे."

आणि मग टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. पब्लिकला वाटलं, हा म्हातारा खेळातलाच! लुगडं कुणाचं ते धम्मरत्नला ठाऊक होतं. त्यानं मोबाइल खाली केला आणि खिशात घातला.

राजकुमार धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काकाजी, मले वाटलं तुमाले समजलं असन. रोज त पाहून राह्यले होते तुमी."

"लुगडं दे माहं."

"अंगाले चिकटवलं हाय. काढाले गेलो त चिंध्या होतीन. पदर तेवढा मोकळा हाय. तो कापून देऊ?"

शेषरावांनी त्या दातांकडे पाहिलं. पदर कापला तर रुखमा डोकं उघडं टाकून जन्मभर इथं उभी राहणार. "नोको," ते म्हणाले. "मोटर बंद कर."

ते मॅनेजरच्या हातात होतं आणि मॅनेजरच्या कानात अजून टाळ्या घुमत होत्या. "मोटर कशी बंद करणार, आजोबा? त्याच्यासाठीच तर लोक येतात. उलट तुम्हीच रोज या ना! काय जबरदस्त काम केलंत!"

सुचिता त्याच्या अंगावर धावूनच गेली. "लाज नाई वाटत का तुमाले? माही सासू हाय ते!" मॅनेजर आणखीच हसला. त्याला वाटलं, सगळं घरच कलाकार आहे.

दुसऱ्या दिवशी शेषराव सकाळीच निघाले. टपरीवर थांबले नाहीत. त्या दिवसापासून रोज जातात. सुचिता डबा बांधून देते. मोटर पदर उचलते आणि शेषराव तो खाली घेतात, दिवसभर. तिकडे पार्काच्या दुसऱ्या अंगाला नव्या खुंट्या ठोकल्या गेल्या आहेत, ग्रुपवर नवा कीस सुरू झाला आहे. धम्मरत्न मात्र आता ड्रोन लग्नातच उडवतो.

परवा कॉलेजच्या पोरांचा घोळका आला. त्यातल्या एकानं विचारलं, "ओ बुवा, भूत कोनाचं हाय हे?"

शेषरावांनी पदर सारखा केला. "भूत नाई बे. माही बायको हाय. पार्क पाहाले आली."

पोरं पोट धरधरून हसली, केवढ्या टाळ्या पडल्या! मॅनेजरनं त्यांना सांगून ठेवलंय, हे वाक्य दर वेळी म्हणत जा. शेषराव म्हणतात. त्यांना ते पाठ करावं लागलं नाही.