तीन नंबरचा ब्लोअर

कागदगिरणीच्या बॉयलरघरात त्यांना सगळे काजळीमामा म्हणत. एकतीस वर्षं बॉयलरपाशी काढल्यावर माणूस कितीही घासून आंघोळ करो, कानामागे काजळी उरतेच. त्यांच्या बायकोने उशांचे अभ्रेच काळे शिवले होते. म्हणायची, "रोज भांडण्यापेक्षा एकदा शिवलेलं बरं." मामा जिभेने तिखट. फिटर असो की फोरमन, सगळ्यांना "ए" अशीच हाक. अपवाद फक्त जावयाचा. तो त्यांच्याच पाळीत कामाला होता, आणि आगीच्या धडधडाटातही मामा त्याला "अहो जावईबापू, तो व्हॉल्व्ह जरा फिरवता का?" असं विचारत. बाकीचे तोंडावर हात ठेवून हसत. हसोत बापडे! त्या घरात पोरगी दिली होती.

त्या दिवशी सकाळी दहाला मॅडमनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे बॉयलरच्या नव्या इंजिनिअर. वयाने मामांच्या लेकीएवढ्या, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या, आणि ही गोष्ट साहेबलोकांत फार दुर्मीळ. टेबलावर तीन कागद मांडलेले होते.

"मामा, चिमणीतल्या धुराचं तापमान दोनशे तीसवर गेलंय. दोन महिन्यांपूर्वी एकशे ऐंशी होतं. पाण्याच्या नळ्यांवर काजळीचा थर बसलाय, आणि आपण पाणी सोडून चिमणीच तापवतोय. साफसफाई कशी करायची ते आज ठरवायचंय."

पहिल्या कागदात होतं, बॉयलर थंड करून माणसं आत उतरवायची आणि नळ्या ब्रशने घासायच्या. त्यात गिरणी आठवडाभर बंद. दुसऱ्यात भोंगे. त्यांच्या घुमणाऱ्या आवाजाने काजळी हलून खाली पडते, नळीला ओरखडासुद्धा उठत नाही, पण भोंगे यायला तीन महिने. तिसऱ्यात नळ्यांवर वाफ मारून काजळी उडवणारे आहेत तेच ब्लोअर ठेवायचे, फक्त वाफेचा दाब वाढवायचा. आजच्या आज होणारं काम.

"मॅनेजर साहेबांचा कल तिसऱ्याकडे आहे," मॅडम म्हणाल्या. "दुपारी दोनला तीन नंबरच्या ब्लोअरवर चाचणी घेऊ म्हणतात. तुम्हाला काय वाटतं? या बॉयलरला तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

मामांची नजर तिसऱ्या कागदावरच अडकली.

तीन नंबरचं काय झालंय ते त्यांना ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी बॉयलर थोडे दिवस थंड होता, तेव्हा त्यांनी झाकण काढून आत टॉर्च मारला होता. सगळ्या नळ्या काळ्याकुट्ट, आणि तीन नंबरच्या ब्लोअरसमोरची हातभर जागा घासलेल्या पातेल्यासारखी चकचकीत. नवख्याने म्हणावं, वा, काय साफ झालीय! जाणत्याच्या अंगावर मात्र काटा येतो. ओल्या वाफेने लोखंड खरवडलं की नळी अशी चमकते, आणि रोज थोडी पातळ होत जाते. झाकण बसवून मामा मुकाट्याने बाहेर आले होते.

मुकाट्याने, कारण दोष त्यांचाच होता. ब्लोअर सोडण्याआधी वाफेच्या पाइपात साचलेलं पाणी ड्रेन उघडून काढून टाकावं लागतं. उस्तादाने त्यांना शिकवलं होतं, "ड्रेनच्या तोंडापुढे लाकडाची पट्टी धर. ती भिजतेय तोवर थांब. कोरडी राहिली की मग ब्लोअर." यात दहा-बारा मिनिटं जात. तीन वर्षांपूर्वी उत्पादन वाढलं, साहेब घड्याळ घेऊन हात धुऊन मागे लागले, आणि मामांनीच सगळ्या पाळ्यांना सांगून टाकलं, "दोन मिनिटं ड्रेन पुरे. पट्टीबिट्टी ठेवा गुंडाळून." वेळ वाचला. कँटीनच्या भिंतीवर मामांचा फोटो लागला, खाली 'उत्तम कामगार'. मामा महिनाभर त्या फोटोसमोरच चहा प्यायचे.

"भोंगे बरे," मामा कसेबसे म्हणाले.

"का?"

"नळ्यांना त्रास नाही."

"पण ते येईपर्यंत तीन महिने? तोवर वाफच ना?"

खरं कारण ओठांपर्यंत आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे भिंतीवरचा फोटो स्वतःच्या हाताने उतरवायचा. मामा घाबरले. एकतीस वर्षं आगीशी खेळलेला माणूस एका फोटोला घाबरला. मॅडमनी बराच वेळ वाट पाहिली, मग तिसऱ्या कागदावर खूण केली. मामा "येतो" म्हणाले आणि उठले.

जेवणाच्या सुट्टीत मामांनी डबा उघडला. समोर जावई चवीने जेवत होता. "मामा, चाचणीला मीच उभा राहतोय तीन नंबरला. आणि तुमच्या लेकीने विचारलंय, रविवारी येताय ना?"

"बघू," मामा म्हणाले, आणि डबा तसाच बंद केला.

लोखंड आहे, एवढ्यात फुटत नाही, ते स्वतःला समजावत होते. इतके दिवस चाललं, आजही चालेल. आणि लगेच त्यांना आठवत होतं की बॉयलर फुटलेल्या प्रत्येक गिरणीत आदल्या दिवशी कोणीतरी नेमकं हेच म्हटलेलं असतं.

पावणेदोनला जावई लोखंडी जिना चढून वर गेला. तीन नंबरची जागा मामांना पाठ होती. दोन पावलांचा कठडा, मागे भिंत, समोर बॉयलरचं झाकण. नळी फुटली तर वाफ पहिल्यांदा त्या झाकणातून बाहेर येणार, आणि तिथल्या माणसाला पळायला जागा नाही. मॅडम खाली मीटरपाशी उभ्या होत्या. दाब वाढवला गेला. काटा सरकला. मामा ड्रेनपाशी होते. त्यांनी ड्रेन उघडला, आणि काय वाटलं कोण जाणे, हत्यारांच्या कपाटामागे धूळ खात पडलेली ती जुनी पट्टी काढून तोंडापुढे धरली.

पट्टीवरून पाणी निथळत होतं.

"दोन मिनिटं झाली! सोडू का?" वरून जावयाचा आवाज आला.

"सोडा," मॅडम म्हणाल्या.

"ए!" मामा असे ओरडले की कोळसेवाल्यांची फावडी थांबली. "ए, हात लावू नकोस त्याला! खाली ये! आधी खाली ये म्हणतो ना!"

जावयाला मामांनी "ए" म्हटलेलं त्या बॉयलरघराने कधी ऐकलं नव्हतं. तो तसाच धावत जिना उतरला. मामांनी वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि पट्टी हातात घेऊनच मॅडमसमोर उभे राहिले.

"तीन नंबरची नळी पातळ झालीय. मला दोन महिन्यांपासून माहीत आहे. आणि ती माझ्यामुळे झालीय." मग ड्रेनचं, दोन मिनिटांचं, चकचकीत जागेचं, सगळं सांगितलं.

"मी सकाळी तुम्हाला विचारलं होतं, मामा," मॅडम एवढंच म्हणाल्या, आणि आग विझवायला सांगितली. त्या चिडल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी बॉयलर थंड झाल्यावर जाडी मोजायचं यंत्र आत नेलं. नव्या नळीची जाडी चार मिलिमीटर. कडेला साडेतीन भरली, पुढे अडीच. चकचकीत जागेवर मॅडमनी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि आकडा मामांनाच वाचायला लावला. एक मिलिमीटरसुद्धा नव्हता. तिसरा कागद मॅडमनी तिथेच फाडला. नळ्या बदलायच्या, बाकीच्या ब्रशने घासायच्या, आणि भोंगे येईपर्यंत जुन्या दाबाची वाफ, पूर्ण ड्रेन करून. फोटो मामांनी स्वतःच उतरवला.

त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर जावई हात धुता धुता म्हणाला, "मामा, वाफ ओली असते हे मला दिसायचं. ड्रेनमधून पांढरी, थुंकल्यासारखी यायची."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, दोन मिनिटं पुरे. तुम्ही सांगितल्यावर मी कशाला शंका घेऊ?"

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मामांनी आनंदाने खाल्ल्या असत्या. त्यांनी कपाटातली पट्टी आणली, फडक्याने पुसली आणि जावयाच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"किती मिनिटं धरायची, मामा?" त्याने सवयीने विचारलं.

मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मिनिटं मला विचारू नका, जावईबापू," ते म्हणाले. "ती कोरडी राहीपर्यंत धरा. मी मागून घाई केली, तरीही."