परिशिष्टातलं नववं नाव

सरकारात मतभेद नसतात, अभिप्राय असतात. हे अभिप्राय एकेका मंत्रालयाकडून गोळा करून, ओळीने लावून मंत्रिमंडळापुढे जाण्याजोगे करण्याचं काम ज्या मोजक्या टेबलांवर चाले, त्यातलं खिडकीजवळचं टेबल अठ्ठावीस वर्षं तिचं होतं. एखाद्या मंत्रालयाची टिप्पणी आली की आधी ती मागची पानं बघे. संबंधित खात्यांना विचारलंय का, कोणी विरोध केला असेल तर तो त्याच्याच शब्दांत जोडलाय का, परिशिष्टं पूर्ण आहेत का. मग क्रमांक घातलेल्या प्रती, मोहरबंद पाकिटं, आणि बैठक झाली की त्याच प्रती मोजून परत. एक जरी कमी भरली तरी घरी जायचं नाही.

बाकी वेळ फोनवर जाई.

"अभिप्राय निघाला का?"

"निघाला की, बाई."

"आमच्याकडे पोचला नाही."

"टेबलावरून निघालाय. साहेबांच्या खोलीपर्यंत पोचू द्या आधी."

ऑफिसात तिला कुलूपबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. कुलपाला ठाऊक असतं तितपतच, म्हणजे बोलून दाखवण्यापुरतं नाही. पुढच्या महिन्यात काय महागणार, कुठलं खातं कुठल्या खात्यात विरघळणार, हे तिला देशाच्या आधी कळे. आणि घरी ते सांगायला कोणी नसल्यामुळे नियम पाळणं फारसं जड जात नसे. दोन खोल्या, एक खुर्ची वापरातली, एक कपडे ठेवायची. लग्नाचं वय धाकट्या भावाचं शिक्षण करण्यात गेलं, आणि पुढे कोणी विषय काढला नाही. तिनेही काढला नाही. विषय काढणं हे तिचं काम नव्हतं.

भाऊ दूरच्या एका लहान गावी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होता. आठवड्यातून एकदा त्याचा फोन येई. आठवड्याला एवढाच एक टेकू होता.

त्या मंगळवारी एक टिप्पणी आली. विषय साधा होता: तोट्यातले बारा छापखाने बंद करून तिथली माणसं जिथे जागा असेल तिथे सामावून घेणे. ती सवयीने आधी परिशिष्टावर गेली. बारा गावांची नावं होती. नवव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

पाकिटात कागद परत घालून ती उपसचिवांच्या खोलीत गेली.

"साहेब, परिशिष्टात नवव्या क्रमांकावर माझा भाऊ आहे."

"परिशिष्टात?"

"तिथे नोकरीला."

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "मग ही फाइल आजपासून तुमची नाही. आणि तुम्ही ती वाचलेली नाही."

"वाचलीय, साहेब."

"तेच म्हणतोय मी."

गुरुवारी संध्याकाळी भावाचा फोन आला, ठरलेल्या दिवसाच्या आधीच.

"ताई, एक विचारायचंय. मोठ्या शहरातल्या छापखान्यात दोन जागा निघाल्यात. बदली हवी असेल तर उद्यापर्यंत अर्ज करायचाय. हिची शाळेतली नोकरी इथेच आहे, पोरगी यंदा दहावीला. म्हटलं, कशाला उगाच बूड हलवायचं? पण तू सांग. तू तिथे असतेस."

अर्ज करून टाक. तीनच शब्द होते. कारण सांगायची गरज नव्हती. त्याने विचारलंही नसतं, लहानपणापासून तिचं ऐकत आलेला. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण तिने इतकी वर्षं लोकांचे तीन शब्द कुठून कुठे जातात ते पाहिलं होतं. तो अर्ज करणार, शेजारचा विचारणार, तो म्हणणार, ताईने सांगितलं. आणि ताई कुठे असते ते सगळ्या छापखान्याला ठाऊक.

"तुमचं तुम्ही ठरवा रे. मी काय सांगणार?"

"तू काय केलं असतंस?"

"मला कुठे दहावीतली मुलगी आहे."

तो हसला. "तुझ्या तोंडून मत काढायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. जाऊ दे, राहतो इथेच."

"बरं," ती म्हणाली. रिसीव्हर ठेवल्यावरही बराच वेळ हात त्यावरच होता.

पुढच्या बुधवारी निर्णय झाला. शुक्रवारी वर्तमानपत्रात आला, आतल्या पानावर, चार ओळी. संध्याकाळी तिने लवकर जेवून घेतलं. फोन येणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्यानंतर घास उतरणार नाही हेही.

"ताई, तुला माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं तेव्हा?"

"त्याच्या दोन दिवस आधीपासून."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते. मागे भावजय भांडी आपटत होती, जरा जास्तच जोराने.

"त्या दोन्ही जागा भरल्या," तो शेवटी म्हणाला. "आता कुठे टाकतील ते टाकतील. कुठे टाकणार आहेत गं?"

हे मात्र तिला खरोखर माहीत नव्हतं. कोणाला कुठे पाठवायचं त्याच्या याद्या छापखान्यांच्या मंत्रालयात व्हायच्या होत्या, आणि फाइल तर तिच्याकडे नव्हतीच.

"नाही रे माहीत."

"हं."

"खरंच माहीत नाही. त्या याद्या आमच्याकडे येत नाहीत."

"असू दे, ताई. तुझी नोकरी आहे. मी नको होतं विचारायला." आवाजात टोमणा नव्हता. परक्याशी बोलतात तसा नीट, सांभाळून बोलत होता. "बाकी बरी आहेस ना? जेवलीस?"

"जेवले."

"हं," तो म्हणाला, मघाचाच, तेवढाच.

आणि ती खरंच जेवली होती.