काकांचा मेलेला मोगरा

टीव्हीवरच्या बागकामाच्या कार्यक्रमात आज पांढऱ्या कुर्त्यातली निवेदिका कुंडी भरत होती. कुर्त्यावर मातीचा एक डाग नाही! ही बाग की साबणाची जाहिरात?

माझ्या लहानपणी याच कार्यक्रमात एक टकलू काका यायचे. नखांत माती, आवाज घोगरा. एकदा त्यांनी वाळून गेलेला मोगराच कॅमेऱ्यासमोर धरला. म्हणाले, "मंडळी, माझ्या हातून पाणी जास्त झालं. मेला बिचारा."

आमच्या गॅलरीतला मोगराही नुकताच गेला होता. "माझ्या हाताला गुणच नाही, आता झाडं नकोत," म्हणून आई रडली होती. काकांचं ऐकून ती एकदम हसली. "अगं बाई, यांचासुद्धा मरतो!"

बघणाऱ्याला दुसरं काय हवं असतं?

त्याच संध्याकाळी आईनं मला नर्सरीत नेलं. रोपवाला शेवंती दाखवू लागला.

"मोगराच द्या," आई ठणकावून म्हणाली.