आठ डब्यांचा हट्ट

खरं सांगते, हे लिहिणारच नव्हते, काकांचा इतका राग आलेला.

कोपरच्या दौलतकाकांनी कल्याणच्या लोको शेडमध्ये बत्तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली, पण घरातलं वीतभर मॉडेल इंजिन काही त्यांचं ऐकेना. शेडमधला त्यांचा जोडीदार गोविंदा जवळच, ठाण्यातल्या कोलशेतला राहायचा. त्याने हाताने आठ डबे बनवून दिलेले. "आठही चढावर ओढले की तुला दाखवायला आणतो," हा काकांचा शब्द. पण पाचच्या पुढे डबा जोडला की चाकं जागच्या जागी गरगर! काकांनी इंजिनात शिसं भरलं, मोटर बदलली. तीन महिने गेले.

"अहो, असेच जा ना भेटायला," त्यांच्या बायको रंगूबाई वैतागल्या.

"पाच डबे घेऊन? तोंड कुठे लपवू?"

"मग दसऱ्याला शेडसारखी पूजा करून चाकांना तेल लावलेलंत, ते तरी पुसलंत का?"

काकांनी चाकांवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि आठही डबे सरसर चढले! लगेच फोन लावला.

"दौल्या, पोराने मला गेल्या आठवड्यात चिपळूणला आणलं रे," गोविंदा म्हणाला. "पाच ओढले असतेस तरी चाललं असतं."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. रविवारी चिपळूणला निघतायत. तुमचंही कुणी असं थांबलेलं असेल ना, तर प्लीज, लवकर जाऊन भेटा.