तिसरा अ‍ॅम्प्लिफायर

कानवालीला खऱ्या नावानं हाक मारणारा आता तिचा नवराच काय तो उरला होता. टेलिफोन खात्याच्या तपासणी खोलीत तिनं बावीस वर्षं काढली. हेडफोन लावून तारेतली खरखर ऐकायची आणि बिघाड कुठं आहे ते सांगायचं, एवढंच काम. ती खोली बंद झाली तेव्हा बरोबरीच्या बायकांनी घरची वाट धरली. ही मात्र लोकांच्या घरी जाऊन स्पीकर जोडून द्यायला लागली. बोलणं मोजकं, आणि काम झालं की पायात चप्पल.

त्या दिवशीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. घरमालक जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळून निवृत्त झालेला. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत त्यानं गाऱ्हाणं मांडलं.

"तीन अ‍ॅम्प्लिफायर झाले, बाई. तरी हिचं आपलं एकच, मला काही ऐकू येत नाही."

त्याची बायको खिडकीजवळच्या खुर्चीत वाटाणे सोलत होती. "नाही येत तर नाही येत," ती मान वर न करता म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

प्रकार असा होता. जहाज सुटलं तशी पायाखालची धडधडही सुटली, आणि त्याला घर मुकं वाटायला लागलं. म्हणून त्यानं सबवूफर आणला. सिनेमातला जाडा, घुमणारा आवाज काढणारा हा डबा, आणि त्याला जोर पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर. बायको म्हणाली, फरक नाही. त्यानं दुसरा डबा आणि दुसरा अ‍ॅम्प्लिफायर आणला. ती तेच म्हणाली. मग नुसताच तिसरा अ‍ॅम्प्लिफायर. आठ वर्षं हे चाललं होतं. त्याला ती हट्टी वाटायची, तिला तो खुळा.

कानवाली टीव्हीच्या कपाटामागं वाकली. टीव्हीचा आवाज स्पीकरांना वाटून देणाऱ्या रिसीव्हरला जाड्या आवाजासाठी एकच तोंड होतं. पहिला अ‍ॅम्प्लिफायर तिथं जोडलेला, दुसरा पहिल्याच्या पाठीतून काढलेला आणि तिसरा भलतीकडूनच. तिघांचे प्लग तीन भिंतींवर, त्यामुळे बारीक गुणगुण चालू होती ती वेगळीच.

तिनं कशालाच हात लावला नाही. "तुमचा आवडता सिनेमा लावा," म्हणाली आणि त्याच्या खुर्चीत बसली. कपाटातल्या काचा थरथरल्या. मग तिनं बायकोला उठायला लावलं आणि खिडकीजवळ बसून पाहिलं. माणसं बोलत होती, दारं आपटत होती, पण तो घुमणारा आवाज साफ गायब.

"या खुर्चीत तुम्ही कधी बसलात?" तिनं विचारलं.

"ती तिची खुर्ची आहे," तो म्हणाला. जणू भलतंच काही विचारलं होतं.

"वहिनी खरं बोलतायत. एकच डबा होता तेव्हा भिंतीवरून परतलेला आवाज इथं येऊन त्यालाच खात होता; आता तर तुमचे डबे आपसात भांडतायत. एक हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो. इथं पोचेपर्यंत दोघांची वजाबाकी होऊन हाती शून्य. तुम्ही आवाज वाढवला की दोघांचाही वाढतो. शून्य ते शून्यच."

इंजिनवाल्याला एवढं सांगितलेलं पुरतं.

पुढं दोन तास ती गुडघ्यांवर होती. रिसीव्हरच्या त्या एका तोंडाला तिनं दोन फाट्यांची वायर लावली आणि पहिल्या दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना सरळ तिथूनच जोडलं. दोघांचे प्लग एकाच बोर्डावर आणले, तशी गुणगुण थांबली. एका डब्याच्या वायरी उलट्या होत्या, त्या सुलट केल्या. तो डबा सरकवत सरकवत खिडकीकडं नेला, आणि दर हातभर अंतरावर थांबून खुर्चीत बसून ऐकलं. तिसरा अ‍ॅम्प्लिफायर तिनं सोडवून बाजूला ठेवला.

"बसा, वहिनी."

सिनेमा पुन्हा लागला. पडद्यावर एक जुनी आगगाडी पुलावर चढली. बायकोचा हात वाटाण्यांच्या ताटलीत तसाच राहिला. गाडी पूल ओलांडून गेली.

"आलं का?" नवऱ्यानं विचारलं.

"आलं." मग ती कानवालीकडं वळून म्हणाली, "मला वाटायचं, माझे कानच गेले. दोनदा डॉक्टरांकडं जाऊन आले. ते म्हणाले, काही झालेलं नाही. माझा विश्वासच बसेना."

नवऱ्यानं सिनेमा थांबवला. "कधी गेली होतीस?"

"दुसरा डबा आणलात तेव्हा. आणि मागच्या वर्षी."

"मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर चौथा आणला असतात."

त्यावर त्याला हसू आलं नाही. कानवाली उरलेल्या वायरी गुंडाळत होती. असल्या वेळी कान असून नसल्यासारखं करायचं, हे ती तपासणी खोलीतच शिकली होती.

"एकटीच गेलीस?" त्यानं विचारलं.

"मग काय वरात नेणार होते?"

तो उठला आणि बायकोच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसला. दोघांच्या मध्ये वाटाण्यांची ताटली होती. त्यानं एक शेंग उचलली आणि सोलायला लागला. नीट जमत नव्हतं, दाणे खाली पडत होते. बायकोनं दोनदा ते वेचले, तिसऱ्यांदा पडू दिले.

कानवालीनं पिशवी उचलली. दार ओढून घेताना आतून बायकोचा आवाज आला, "लावा की पुढं. गाडी कुठं चालली होती?"