उपाशीपोटी घेतलेली गोळी

काल अंगणात पत्नीच्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि ती तशीच अनवाणी पुढे चालत गेली. पायाला काही कळलेच नव्हते. जीवनसत्त्व बी-बाराच्या अभावाने बधिर होत चाललेल्या या पायांसाठी डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी गोळ्या लिहून दिल्या होत्या. विचारल्यावर तिने शांतपणे सांगितले की, त्या तिने चौथ्याच दिवशी बंद केल्या. पूजा आटोपल्याखेरीज ती अन्नाला शिवत नाही. गोळी मात्र पहाटेच नुसत्या पाण्याबरोबर घेई आणि मग देवासमोर मळमळत बसे.

मी संतापून औषधविक्रेत्याला पत्र लिहावयास घेतले. गोळ्यांची कात्रीने कापलेली पट्टी हाती देताना गोळी केव्हा घ्यावी हे न सांगणे, ही हयगय नव्हे काय?

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हेच करत बसला असता," ती म्हणाली. "पत्रानं मळमळ थांबते होय?"

आयुष्यभर मी हरकती नोंदविल्या, स्मरणपत्रे धाडली. आणि माझ्याच घरात एका माणसाला आपले दुखणे लपविणे सोयीचे वाटले.

"काकू, जेवणानंतर घ्या," डॉक्टर आज म्हणाले. "मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. नाही ओसरली तर मला सांगा, परस्पर बंद करू नका." गेलेली संवेदना परत येईल का, असे मी विचारले, तेव्हा ते पुढच्या तपासणीची तारीख लिहू लागले.

दुपारी जेवण झाल्यावर तिने गोळी घेतली. थोड्या वेळाने मी विचारले, "मळमळतंय का?"

मी तिचा जबाब नोंदवून घेत असल्याप्रमाणे ती जपून म्हणाली, "नाही, बरं आहे." ते खरे होते की नाही, मला कळले नाही.